न्हाणीजवळ पुरलेलं रक्त

हे लिहायला मला रक्तपेढीतल्या बाईंनी सांगितलं. "तुमची मुलगी बरी झाली, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला लिहिता येतं. आया वाचतील, त्यांना धीर येईल, नाळेचं रक्त दान करतील," असं म्हणाल्या आणि निघताना दारातून पुन्हा म्हणाल्या, "पण चांगलं लिहा हं." चांगलं म्हणजे गोड. मी तसंही लिहून पाहिलं. वाचल्यावर मलाच ते खरं वाटेना, कारण त्यात घरची सगळी माणसं देवमाणसं निघाली होती. ते फाडलं आणि हे लिहायला घेतलं.

अनू बरी झाली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच जीव मुठीत धरून वाचणार नाही. पण ती लवकर बरी होऊ शकली असती, आणि ते कुणी होऊ दिलं नाही, हेही मी सांगणार आहे. गोड हवं असेल त्यांनी इथेच थांबावं.

गोरी मुलगी

आमचं लग्न घरातल्या घरात झालं. सुधाकर माझ्या आत्याचा मुलगा. आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे अर्धी बायको ठरल्यासारखीच असते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लहानपणी मी त्याला सुध्या म्हणायचे, लग्नानंतर 'अहो' म्हणायला शिकले. इथे नावानेच लिहिते. तो एका बियाण्यांच्या कंपनीत कामाला, मी प्राथमिक शाळेत. जालन्यात मस्तगडला दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद. वडील आधीच गेलेले, आत्याही गेली होती. आई एकटी माहेरचं घर धरून होती आणि सुधाकरची ती सासू कमी, मामीच जास्त होती.

अनू जालन्याच्या दवाखान्यात जन्मली. सहा-सात महिन्यांची झाली आणि तिचा रंग उजळू लागला. आम्ही खूश. येणारा-जाणारा म्हणायचा, पोरगी गोरी निघाली, कुणावर गेली गं? आई तर मीठमोहऱ्या ओवाळून थकायची नाही. आमच्या घराण्यात गोरं कुणीच नव्हतं, तरीही कुणाला प्रश्न पडला नाही. मुलगी गोरी होत असेल तर प्रश्न कोण विचारतो?

पुढे ती दूध टाकायला लागली, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि आमच्याकडे पाहिलं.

"ही गोरी नाही हो. हिच्या अंगात रक्तच नाही."

औरंगाबादला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी अनूचं रक्त घेतलं, मग माझं, मग सुधाकरचं. निकालाच्या दिवशी त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही दोघं नात्यातले का?" सुधाकर मान खाली घालून "हो" म्हणाला, चोरी पकडल्यासारखा. थॅलेसेमिया हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दोष दोघांच्याही रक्तात थोडाथोडा होता, आम्हाला त्याचा काही त्रास नव्हता. अनूच्या वाट्याला दोन्हीकडचा आला. तिचं शरीर धड रक्त बनवणार नव्हतं. जगायचं तर दर थोड्या दिवसांनी बाहेरून रक्त भरायचं, आणि ते आयुष्यभर.

परतीची एसटी धरली. बदनापूरच्या थांब्यावर सुधाकर उतरला आणि भजी घेऊन आला. मला त्याचा इतका राग आला, आणि इतकी भूक लागली होती, की मी रडत रडत सगळी खाल्ली.

दुसऱ्यांच्या रक्तावर

पुढची वर्षं रक्ताच्या दिवसावर चालली. इतर घरांत संकष्टी, एकादशी लक्षात ठेवतात, आमच्याकडे रक्ताचा दिवस. तो जवळ आला की अनू कोमेजायची, पायरी चढताना बसायची, चिडचिड करायची. रक्त चढलं की दुसऱ्या दिवशी तीच पोर गल्लीभर हुंदडायची. सुई लावताना ती हात पुढे करायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. रडायची नाही. तिनं रडावं असं मला फार वाटायचं.

रक्ताची पिशवी मिळण्यासाठी बदली रक्तदाता लागायचा. मी कुणाकुणाला गाठलं सांगू? शाळेतले सहकारी, गल्लीतला मारवाडी दुकानदार, पोलीस चौकीतला शिपाई, जुन्या जालन्यातली शिंपीकाम करणारी मुसलमान पोरं. एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला आलेली माणसं डोक्याचं मुंडण करून सरळ रक्त द्यायला आली. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, अशा माणसांवर माझी मुलगी जगत होती. तेव्हा माझी आई हात जोडून म्हणायची, "कोन कुठले, देवासारखे आले." तिचं हे वाक्य लक्षात ठेवा.

रक्ताबरोबर अंगात लोह साठतं. ते काढायला पोटाला सुई लावून छोटं यंत्र तासन् तास बांधून ठेवावं लागायचं. अनू त्या यंत्राला माझी मैत्रीण म्हणायची. पण मैत्रिणीला सगळं जमत नव्हतं. लोह साठतच होतं, पोटाचा नगारा होत होता.

मोरीत जाणारी गोष्ट

अनू पाच वर्षांची होत आली आणि मला पुन्हा दिवस गेले. आधी पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईला करून घेतली. बाळाला हा आजार नव्हता. मी त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हसत होते, लोक वळून बघत होते.

औरंगाबादच्या डॉक्टरबाईंनी मग नाळेच्या रक्ताचं सांगितलं. मूल झालं, नाळ कापली, की नाळेत आणि वारेत थोडं रक्त उरतं. त्यात नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात. एरवी ते सगळं मोरीत जातं. बाळाला सुई टोचायची नाही, आईला टोचायची नाही, फक्त कापलेल्या नाळेतून पिशवीत घ्यायचं आणि गोठवून ठेवायचं. भावंडाचं असेल आणि जुळलं तर आजारी मुलाला चढवायचं. अनू लहान आहे तोवर, तिच्या यकृतानं दम टाकण्याआधी हे झालं तर फार बरं, असं त्या म्हणाल्या.

"आणि नाही जुळलं तर?" मी विचारलं.

"तर सार्वजनिक पेढीत राहील. ज्या कुणाच्या लेकराला जुळेल, त्याला."

मी लगेच हो म्हणाले. विचार कसला करायचा त्यात? इतकी वर्षं आम्ही फक्त घेतच होतो. सुधाकरही हो म्हणाला. माझ्यासमोर म्हणाला. जालन्यातल्या प्रसूतिगृहातल्या बाईंना डॉक्टरबाईंनी सगळं समजावून दिलं आणि मुंबईहून पिशवी आली. निर्जंतुक, बंद पाकिटातली. मी ती माझ्या कपड्यांच्या पेटीत अशी जपून ठेवली, की लग्नातला शालूही तसा ठेवला नव्हता.

आईला मी हे फुगून सांगितलं होतं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"आपल्या अनूला न्हाई जुळलं, तर कुनाच्या बी अंगात जाईल म्हनतीस?"

"हो. कुणाचं तरी लेकरू वाचेल."

"आन् वार?"

"वारेचं काय? ते दवाखानावाले बघतील."

आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली. काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं मी होकार समजले. जिला जन्मभर ओळखते तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मला कळला नाही.

बुधवार

दिवस भरत आले होते, पण तारीख अजून पुढे होती. आईचा निरोप आला, ओटी भरायची राहिली आहे, चार दिवस येऊन जा. सुधाकरनेच आम्हाला नेऊन सोडलं आणि मंगळवारी घ्यायला येतो म्हणाला. पेटीत पिशवी होतीच. तिला सोडून मी कुठे जातच नव्हते.

मंगळवारी तो आला नाही. फोन आला, कंपनीत माल भरायचा आहे, गुरुवारी येतो. बुधवारी सकाळी माझ्या कमरेत कळ आली. पहिलटकरीण नव्हते, ओळखली. आईला म्हटलं, जीप सांग, आत्ताच निघू, तास-सव्वा तासात जालन्यात पोचतो.

"आज बुधवार हाये मंगल," आई म्हणाली. "जाशील बुधी, येशील कधी."

आमच्याकडे लेकीला बुधवारी माहेराहून पाठवत नाहीत, हे मला काय नवीन होतं? मी हसले. "अगं, बाळंत व्हायला चालले, सासरी नाही. जा बरं, रहीमभाईंना सांग."

गावात जीप एकट्या रहीमभाईंची. त्यांचं घर मागच्या गल्लीत. आई गेली आणि बऱ्याच वेळानं आली. "रहीम भोकरदनला वऱ्हाड घेऊन गेल्ता, आला न्हाई आजून." मी सुधाकरला फोन लावला. "निघतोच," तो म्हणाला. एसटी निघून गेली होती. कळा वाढत गेल्या. आई गंगूमावशीला घेऊन आली. गंगूमावशी गावची सुईण, माझाही जन्म तिच्याच हातचा.

ओंकार दुपारी झाला. मोठ्यानं रडला. मी ओरडत होते, "पिशवी, पेटीतली पिशवी!" पण पिशवी घेऊन कोण काय करणार होतं? गंगूमावशी जुन्या रीतीची. वार पडेपर्यंत ती नाळ कापत नाही. "रक्त लेकराचं हाये, लेकराला जाऊ दे समदं," ती म्हणाली आणि नाळ हातात धरून बसून राहिली. माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू पांढरी पडत गेली. वार पडली, मग नाळ कापली. आईनं वार मडक्यात घातली, वर हळदकुंकू, सुपारी, मीठ टाकलं आणि न्हाणीजवळच्या लिंबाखाली पुरून वर दगड ठेवला.

मी भिंतीकडे तोंड करून रडले. अनू करायची तसं. नशीब, असं समजले. सुधाकर संध्याकाळी पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "जाऊ दे मंगल, नसेल योग." मी त्याच्या छातीवर डोकं टेकून रडले. ते आठवलं की आजही मला माझीच चीड येते, की मी नेमकी त्याच छातीवर टेकले.

भावाचं जुळलं

ओंकार वर्षाचा झाल्यावर दोघांची तपासणी झाली. पूर्ण जुळलं. डॉक्टरबाईंनी निकाल दोनदा वाचला. मला वाटलं त्या आनंदानं नाचतील. पण त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"नाळेचं रक्त हातात असतं तर आपण आत्ताच निघालो असतो. आता याच्या हाडातला मगज, जिथं रक्त तयार होतं तो, काढावा लागेल, आणि त्यासाठी हा जरा मोठा व्हायला हवा. थांबू."

थांबलो. ओंकारच्या प्रत्येक वाढलेल्या पावकिलोला मी आनंद मानायचे आणि तेवढ्याच दिवसांत अनूचं यकृत वाढायचं. एका मांडीवर वाढणारं लेकरू आणि दुसऱ्या मांडीवर पिवळी पडत जाणारी लेक, असा आमचा संसार चालला होता. पैशांचं सांगत नाही. ज्यांच्यावर वेळ आली त्यांना माहीत आहे, ज्यांच्यावर आली नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

शेवटी दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळाची तारीख मिळाली. निघण्याआधी देवाला नारळ फोडायचा आणि आजीला भेटायचं, म्हणून हसनाबादला गेलो. तिथून जालना स्टेशनला रहीमभाईंची जीप. सुधाकर पुढे बसला, मी मागे, दोन्ही पोरं माझ्या अंगावर झोपलेली.

राजूर मागे पडल्यावर रहीमभाई म्हणाले, "ताई, त्या टायमाला मला तुमची सेवा करता आली न्हाई. लई दिलाला लागून राह्यलं. आता पोरगीला बराबर पोचवतो बघा."

"तुम्ही काय करणार? वऱ्हाड घेऊन गेला होतात ना."

"कुठलं वऱ्हाड?" त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मी घरीच होतो ताई. काकू आल्त्या, मी तर जल्दी जल्दी गाडी काढून गल्लीत लावल्ती. काकू म्हनल्या, कळा थांबल्या, जायाचं न्हाई आता, गाडी आत घे. मंग घेतली."

मला पहिल्यांदा नीट समजलंच नाही. मग मी सुधाकरकडे पाहिलं. मला त्याची फक्त मान दिसत होती. रहीमभाई एवढं बोलले, तरी ती मान वळली नाही. "काय म्हणता!" असं त्यानं म्हटलं नाही, "मामीनं असं केलं?" असं विचारलं नाही. तो समोरचा रस्ता बघत राहिला. तेव्हा मला कळलं, की त्याला माहीत होतं.

ओरडता येत नव्हतं, पोरं झोपली होती. आणि गाडी पकडायची होती.

काचेची खोली

ज्यांना या उपचाराला जायचं आहे, त्यांच्यासाठी खरं खरं लिहिते. आधी औषधांनी मुलीचा जुना मगज मारतात. तो काळ वाईट. केस जातात, तोंडात फोड येतात, पाणी गिळता येत नाही. खोलीत एकच माणूस राहू शकतं, तेही हात धुऊन धुऊन सालपटं निघालेलं. तिथे मी राहिले. सुधाकर बाहेर ओंकारला सांभाळायचा आणि दिवसातून एकदा काचेपलीकडून हात हलवायचा. अनू हात हलवायची. मी खाली बघायचे.

नवा मगज चढवला तेव्हा मी काहीतरी मोठं घडेल म्हणून श्वास रोखून बसले होते. लाल पिशवी आली, टांगली, थेंब थेंब गेली. झालं. अनू म्हणाली, "आई, हे तर रोजच्यासारखंच आहे." परिचारिका हसली. तिला आमची भाषा येत नव्हती, पण बोलण्याचा सूर कळला असावा. रोज फरशी पुसायला येणारी बाई जाताना अनूसमोर बोटांनी मोर करून दाखवायची. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. त्या मोरासाठी अनू सकाळची वाट बघायची, आणि मीही.

त्याच दिवशी दुपारी मला थोडा वेळ बाहेर सोडलं. ओंकार बाकावर बसला होता. अडीच वर्षांचं पोर, कमरेला मागे दोन्ही बाजूंना पट्ट्या. मला बघून उठला आणि लंगडत लंगडत आला. "आई, इथं बाऊ," म्हणून पाठीमागे हात नेऊन दाखवायला लागला. त्याला मांडीवरही नीट घेता येईना. जे रक्त वाया जाणार होतं, ते या पोराला न कळता मिळालं असतं. ते दिलं नाही. म्हणून मग त्याच्या हाडाला सुया टोचल्या.

तिथेच, लोकांच्या येण्याजाण्यात, मी सुधाकरला विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं ओंकारच्या सदऱ्याची गुंडी लावली. मग म्हणाला, "मामीनं फोन केला होता. रडत होती. म्हणाली, पोरीचं जे व्हायचं ते व्हईल, पर एक तरी धड राहू दे. मंगळवारी येऊ नको म्हणाली."

"आणि तुम्ही आला नाहीत."

"मला वाटलं, नसतंच जुळलं तर? उगाच बाळाचं रक्त... कुणा परक्याला..."

"एक तरी धड राहू दे," मी म्हणाले. "आणि दुसरं?"

जे दुसरं होतं, ते काचेच्या खोलीत तोंडातले फोड सोसत पडलं होतं. आणि मला सर्वांत जास्त काय लागलं सांगू? यांनी अनूला मोजणीतून वगळलं होतं. ती जिवंत असताना, तिच्याशी खेळत असताना, तिला खाऊ आणत असताना, मनातल्या मनात दोघांनी तिच्यावर पाणी सोडलं होतं. मी एकटीच तिला धरून बसले होते आणि समजत होते की आम्ही तिघं धरून बसलोय.

त्याला म्हटलं, "मामीला काही सांगू नका. तिला मी बघेन." आणि हात धुऊन आत गेले.

बरी झाली

अनूचं नवं रक्त यायला लागलं, ते पुढच्या काही आठवड्यांत. मधे एकदा फार ताप चढला, तेव्हा आशा सोडली होती. मग उतरला. जालन्याला परतल्यावर वर्षभर तिला गर्दीपासून, सर्दीपासून, पाहुण्यांपासून जपलं. पाहुणे टाळायला मला चांगलं निमित्त होतं आणि मी ते आईसाठी भरपूर वापरलं. रक्ताचा दिवस आला आणि रक्ताशिवाय गेला. मग दुसरा गेला. अनूचे गाल काळेसावळे झाले, आमच्या घराण्यासारखे. इतका सुंदर रंग मी पाहिला नाही.

लोक विचारतात, मग सुधाकरचं काय? काही नाही. संसार चालू आहे. तो पोरांचं सगळं करतो, मनापासून करतो. माझ्याशी नीट वागतो. मी डबा देते, तो घेतो. पण कुठे जायचं असलं आणि "मी येतो घ्यायला" असं तो म्हणाला, की मी "नको" म्हणते आणि रिक्षा करते. त्यालाही त्याचं कारण ठाऊक आहे.

गरोदर बाया भेटतात तेव्हा मी त्यांना नाळेच्या रक्ताचं सांगते. त्या ऐकतात, हो म्हणतात. मग मी त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माणसांकडे बघते. सासू, आई, नवरा. खरं समजवायचं असतं ते त्यांना. बाईनं हो म्हटलं म्हणजे झालं, असं मी मानलं होतं. तुम्ही मानू नका.

दगड

उन्हाळ्याच्या सुट्टीत अनू हट्टाला पेटली, आजीकडे जायचं. डॉक्टरबाईंनीही हरकत नाही म्हटलं. गेलो, मी आणि पोरं.

आईनं दोघांची दृष्ट काढली, अनूच्या वाढलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली, डोळे पुसले. ते खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओंकारला न्हाणीत अंघोळ घालत होती. अनू शेजारी उभी. मी ओट्यावर चहा पीत होते. लिंबाखालचा दगड हळदीनं पिवळा होता. ती त्याची पूजा करत होती, अजून.

"इथं तुझी नाळ पुरलीया," आई ओंकारला सांगत होती. "तिच्यावर मी रोज पानी घालते. म्हून तू धडधाकट हाये."

"आणि माझी?" अनूनं विचारलं.

"तुझी बाई दवाखान्यात गेली. उकिरड्यावर टाकली का कुत्र्यानं नेली, कोन जाने. म्हून तर तुझ्यामागं हे दुखनं लागलं. तवाच मी ठरवलं, याची काय मी जाऊ देनार न्हाई. आन् परक्याच्या अंगात तर बिलकुल न्हाई."

एवढ्या वर्षांनी मला कारण कळलं. आम्हा दोघांच्या रक्तातला दोष, नात्यातलं लग्न, सगळं डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं होतं, आईसमोरही. तिनं मान डोलावली होती. आणि मनात हे धरून बसली होती. परक्यांचं रक्त अनूच्या अंगात येत होतं तेव्हा ते देवासारखे. आपलं द्यायची वेळ आली की नाळ आठवली.

अनू विचारात पडली होती. मग तिनं ओल्या ओंकारला पाठमोरं केलं. "पण आजी, मला तर याचंच रक्त दिलं. हे बघ, इथून काढलं. इथून आणि इथून."

कमरेवर बारीक डाग होते, फिकट. लंगडत चालणं आईनं पाहिलं नव्हतं. थोडं रक्त घेतलं, एवढंच तिला माहीत होतं. तिनं साबणाच्या बोटानं एका डागाला हात लावला.

"हे कशाचं गं, मंगल?"

"सुयांचं. हाडात घालून काढलं. तू पुरून टाकलंस ना, म्हणून." मी कप खाली ठेवला. "रहीमभाईंनी सांगितलं मला. गाडी गल्लीत उभी होती."

आईनं ओंकारच्या अंगावर तांब्या ओतला. पुन्हा एक ओतला. मला वाटलं, आता ती रडेल, मग मी काय करू? पण ती रडली नाही.

"दोघं बी जित्ती हायेत ना?" ती म्हणाली. "मंग? माझं काय चुकलं?"

मी ओंकारला पंच्यात गुंडाळलं, पोरांचे कपडे पेटीत कोंबले आणि रहीमभाईंना हाक मारायला अनूला पाठवलं. आई चुलीपाशी गेली, पिठलं टाकलं, भाकरी थापायला बसली, काही झालंच नाही तसं. गल्लीत गाडी उभी राहिल्याचा आवाज आला तेव्हा ती पिठाच्या हातानंच दारात आली.

"आज बुधवार हाये," ती म्हणाली. "उद्या जा. जाशील बुधी..."

पुढचं ती बोलली नाही. मी पोरांना आधी बसवलं, मग पेटी आत घेतली, मग बसले. रहीमभाईंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काढू ताई? का आत घेऊ?"

"काढा," मी म्हणाले.